गुंजेच्या वेलीची माफी

निजामाच्या अमलात आमची नाटक मंडळी सोयगावात उतरली आणि दुसऱ्याच दिवशी माझा आवाज गेला. चार दिवसांनी जत्रेत खेळ, त्यात माझी नऊ पदं. मालक आप्पासाहेब म्हणाले, "आवाज आला नाही तर पार्ट दुसऱ्याला. तू आपला शहागंजाच्या बाजारात जाऊन कापड वीक!"

गावकऱ्यांनी चतुराबाईचं नाव सांगितलं. डोंगराकडच्या भिल्ल वस्तीतली ही बाई बाजारात डिंक आणि मोळ्या विकायची, पण कुणाचं काही दुखलं की लोक तिच्याच दारात जात. आप्पासाहेब मला तिच्याकडं घेऊन गेले. तिनं माझ्या गळ्यावरून हात फिरवला. "गुंजंचा पाला लागंल. आज सांच्याला येलीला आवतन देते, उद्या उन्हं यायच्या आत तोडू."

आप्पासाहेबांना दम कुठला! वेल समोरच्या कुंपणावर होती. त्यांनी ओंजळभर पाला ओरबाडून आणला. "हा घे."

चतुराबाईनं हात मागं घेतला. "इचारलं व्हतं का?"

"कुणाला?"

"येलीला. न इचारता घेतला तो नुसता पाला. औषध नाय त्यो. आता तूच माफी माग बाबा, नाय तर मी हात लावत नाय."

मालकांनी कुणाची माफी मागितलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पगडी काढली, हात छातीवर ठेवला आणि राजाच्या पल्लेदार आवाजात सुरू झाले, "हे वनदेवते..."

"नाटक नगं करू. नीट बोल."

मालक ओशाळले. मग हळू म्हणाले, "चुकलो बाई. याचा आवाज दे."

संध्याकाळी चतुराबाईनं वेलीच्या बुडाशी तांदूळ ठेवले. पहाटे तिथंच उभी राहून तिनं डोंगरांची, ओढ्यांची, मेलेल्या साऱ्या वैदूंची नावं घेतली. सूर नाही, ताल नाही; पण माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या नाटकांतून देवाला हाका मारल्या मी, पण समोर कुणीतरी ऐकतंय अशी खात्री मला कधी वाटली नव्हती. तिनं मोजून सात पानं तोडली. चावली तर गोड लागली.

तीन दिवस रोज तसंच. चौथ्या दिवशी सकाळी गळा मोकळा झाला. मी धावत चतुराबाईकडं गेलो.

"मला काय सांगतू? तिला सांग जा."

मी वेलीसमोर पहिलं पद म्हटलं. मग दुसरं. मागं आप्पासाहेब मांडीवर ताल धरून बसले होते. नऊच्या नऊ पदं झाली, तेव्हा कुठं मला रात्रीच्या खेळाची आठवण झाली.