पहिल्या चहाची पिशवी

वासंतीमावशी वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या मलावीला निघाली होती. तिथल्या एका छोट्या दवाखान्यात, ज्यांना चालता येत नाही अशा मुलांकडून व्यायाम करून घ्यायला. पगार नाही, फक्त राहणं-जेवण. मावशी फिजिओथेरपिस्ट, नुकतीच साठीची झालेली. दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि मी मुनिरकाहून मदतीला आलो होतो.

दिनकरकाका बाल्कनीत पेपर धरून बसले होते. तिकीट आल्यापासून या विषयावर ते एक शब्द बोलले नव्हते.

"मी रद्दच करते रे, केतन," मावशी हळूच म्हणाली. "यांना आवडलेलं नाही. असं तोंड फिरवून बसलेल्या माणसाला सोडून कशी जाऊ?"

काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. भोपाळ, गुवाहाटी, जम्मू, मग दिल्ली. दर बदलीला मावशीनं हातातलं काम सोडलं आणि नव्या गावात नवं शोधलं.

तेवढ्यात काका आत आले आणि त्यांनी एक कापडी पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवली. मावशीनं ती उघडली. चहा, साखर, दूध पावडर, छोटं पातेलं, गाळणं, बल्ब, काडेपेटी. मावशी बघतच राहिली. बदलीच्या वेळी अशी पिशवी ती शेवटी भरायची, म्हणजे नव्या घरी खोकी फोडायच्या आधी चहा व्हायचा. काकांनी तो आजवर फक्त प्यायला होता.

"अहो, बल्ब कशाला?"

"जम्मूला विसरली होतीस. अंधारात बसलो होतो."

"मी विसरले? तुम्हीच काढून शेजाऱ्यांना दिलात!"

"अच्छा? असेल."

"काका, काडेपेटी विमानात चालत नाही," मी म्हणालो.

"मग ही चहा कसा करणार?"

"मिळते हो तिथं."

"नक्की ना?"

मावशीनं पिशवी मांडीवर घेतली. "इतके दिवस बोलत का नव्हतात?"

काका चष्मा पुसत राहिले. "बदलीची ऑर्डर आली की निघायचं असतं. माझ्या वेळी तू निघालीस, दर वेळी. आता तुझी आलीय. तोंड उघडलं असतं, तर 'नको जाऊ' म्हणालो असतो."

मावशीनं एक जाड स्वेटर काढून पिशवीला जागा केली आणि झाकण लावलं. काका बॅगेवर बसले.

"जरा जोर द्या ना."

"देतोय. तू चेन ओढ."