कानसेनची लेक

खिळ्यांच्या कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. तीस यंत्रं एकदम धडधडत असताना हा दारातूनच ओरडायचा, "सात नंबरचा कटर बोथट झालाय!" आणि तो खरंच झालेला असायचा. एवढ्या एका कसबावर त्याने साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना खिशात घातलं होतं. कानात घालायचे पिवळे बोळे कपाटात धूळ खात पडलेले. "बोळे घातल्यावर यंत्राचं दुखणं काय वासावरून ओळखायचं?" असं तो विचारी. चुकून कुणी घातलेच, तर दिवसभर त्याची टर उडवली जाई.

चाळिशीतच कान गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग बायकोचं हळू बोलणं. बायकोच्या ते लक्षात आलं, कारखान्यात मात्र त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. यंत्रावर तळवा ठेवून थरथर जोखायची आणि ऐकल्याचं सोंग म्हणून मान तिरकी करायची. वर्षातून एकदा काचेच्या खोलीत तपासणी व्हायची. कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. नापास झालेल्याची रवानगी पॅकिंगला. पण काचेपलीकडच्या तपासणीवाल्या बाईचा उजवा खांदा आवाज सोडताना किंचित हलायचा. कानसेन खांद्याकडे बघून बटण दाबायचा. बारा वर्षं असा पास झाला, आणि या लबाडीचा त्याला वर अभिमानही होता!

लेक त्याच कारखान्यात लागली तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, "अहो, तुमचं झालं ते झालं. पोरीचे कान तेवढे सांभाळा. तिला बोळे घालायला लावा."

"लावतो गं," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी लेकीने आपणहून बोळे घातले. माणसं हसली. "कानसेनची लेक आणि बोळे?" हा शेजारीच उभा होता. "घालू दे तिला," एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. पण इज्जत आडवी आली. तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. लेकीने गुपचूप बोळे काढून खिशात टाकले. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने तिला खांद्याची गंमतही सांगून ठेवली. असू दे माहीत, म्हणाला.

सहा वर्षं लेक पास होत गेली. "पोरीने कान बापाचे घेतलेत," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

एका संध्याकाळी मोरीत हातपाय धुताना त्याला बाहेरच्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकू आल्या. शब्दन् शब्द. त्याला भरून आलं. ओल्या पायांनीच तो बायकोला सांगायला धावला.

बायको दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती. टीव्हीसमोर लेक, हातात रिमोट.

"अगं, आवाज कमी कर!" आई जीव तोडून ओरडली. लेक ढिम्म. शेवटी आईने खांदा हलवला तेव्हा ती वळली, आणि आईच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघू लागली. ते बघणं त्याला चांगलंच ठाऊक होतं.

"कधीपासून?" त्याने तिच्यासमोर जाऊन विचारलं.

"दोन तपासण्या झाल्या," ती मोठ्याने म्हणाली. त्याचा चेहरा पाहून तिने त्याचाच हात थोपटला. "घाबरू नका हो बाबा. त्या बाईंचा खांदा हलतो अजून."