लातूरच्या खोलीतलं एमबीए

लातूरच्या ट्यूशन एरियात जितकी पोरं, जवळजवळ तितक्याच आया. पोरं डॉक्टर व्हायला आलेली, आया त्यांना गरम पोळी वाढायला. नवरे गावाकडं. अहमदपूरची सुकन्या अशीच मुलाच्या, हरिओमच्या मागं अकरावीला आली आणि राहिली, कारण त्याची मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' हुकली आणि तो वर्षभर रिपीटला बसला.

एका खोलीत अभ्यास करणाऱ्या पोराबरोबर दिवस काढायचे म्हणजे काय, ते तिथल्या बायकांनाच ठाऊक. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, मिक्सर शेजारच्या कमलम्माकडं नेऊन फिरवायचा, फोनवर बोलायचं तर जिन्यात. त्या गप्प बसण्याला कंटाळून सुकन्यानं पुस्तक उघडलं. ती बीकॉम होती, फर्स्ट क्लास. निकाल तिला सासरी कळला होता, तोही पेढ्यांशिवाय. पोरगा नीटची तयारी करत होता तेव्हा तिनं एमबीएची सीईटी दिली आणि लातुरातलं कॉलेज मिळेल इतके मार्क पाडले.

तिच्या नवऱ्याचं, वैजनाथचं अहमदपुरात खत-बियाण्यांचं दुकान. तो आधी पोटभर हसला.

"युरिया विकायला एमबीए लागतंय व्हय? आणि करायचंच तर ऑनलाइन कर. न्हाईतर मुक्त विद्यापीठाचं. कॉलेजात हिंडायचं काय नडलंय?"

"मला वर्गात बसायचंय."

"या वयात बाकावर?"

"बाकाला वय कुठं कळतंय?"

ती एका दुपारी कॉलेज बघून आली होती. दारातून एक वर्ग दिसला. इथल्याच मिलची तूरडाळ बाहेरच्या कंपनीच्या पिशवीत गेली की महाग का होते, यावर सर बोलत होते. एक पोरगी मध्येच म्हणाली, "सर, तुमचं चुकतंय." सर चिडले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "कसं, सांग." सुकन्या तिथंच उभी राहिली. तिचं चुकतंय असं घरात रोज कुणीतरी म्हणे. पण कसं, ते सांग, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ऑनलाइनचं नाव तिनं त्या दुपारीच सोडलं. पोरगा दिवसभर क्लासला, कॉलेजही त्याच वेळात. वैजनाथही शेवटी म्हणाला, "पोराचं जेवण सांभाळून काय करायचं ते कर." प्रवेशाच्या यादीत तिला लातूरची सीट लागली.

त्याच सुमाराला हरिओमचा निकाल आला. पुन्हा कमी. आता नांदेडला, भाग्यनगरातल्या क्लासला जायचं, असं त्यानं बापाला परस्पर सांगूनही टाकलं. वैजनाथ लातूरला आला, तेव्हा सुकन्या भांडायच्या तयारीनंच बसली होती.

"मी नांदेडला येणार न्हाई."

"तुला कोण ये म्हणायलंय?" हरिओम म्हणाला. "मी होस्टेलला राहणाराय. तू समोर बसलीस की मला वाचताच येत नाही, मम्मी. मी पान उलटलं का, तेच बघत बसतीस."

एवढी वर्षं ती जी चोरपावलांनी वावरली, ती कुणासाठी? मेसचं पाणचट वरण त्याला तिच्यापेक्षा बरं वाटत होतं. तरी सुकन्यानं त्याचं बोलणं गिळलं, कारण त्यामागून सुटकाही येत होती.

"बरं. मग मी इथं राहून..."

"इथं कुठं?" वैजनाथ म्हणाला. "खोली तर सोडावी लागंल."

"आणि माझं कॉलेज?"

"अगं, खोली पोरासाठी घेतली होती." तो रागावला नव्हता. माल संपला म्हणून गिऱ्हाइकाला सांगावं, तसं त्यानं सांगितलं. "बायकोला एकटीला खोली करून दिली म्हणून चार माणसांत काय सांगू?"

"आजवरबी एकटीच होते की."

"तवा पोराची आई म्हणून होतीस."

मग ती अहमदपूरहून एसटीनं रोज जाऊन येण्याची भाषा बोलली. वैजनाथनं घरी फोन लावून स्पीकरवर टाकला. तिची सासू धोंडाबाई ऐकून घेऊन म्हणाली, "जा की बाई. मला काय, मी शिळं खाईन."

सुकन्यानं हरिओमकडं पाहिलं. तो होस्टेलचे फोटो बघत होता. मान वर न करता म्हणाला, "ऑनलाइन कर ना मम्मी. डिग्री तीच असती."

सीट पक्की करायची तारीख खोली आवरण्यात गेली. ती भांडी पोत्यात भरत होती तेव्हा कमलम्मा दारात येऊन उभी राहिली. "सगळ्यांच्या पोरांचं शिक्षण बघितलं इथं," ती म्हणाली, "तुझं तरी बघावं म्हणलं होतं." सुकन्यानं पोत्याचं तोंड बांधलं.

आता ती अहमदपुरात असते. वैजनाथ दुकानात आल्यागेल्याला कौतुकानं सांगतो, "आमच्या घरात एमबीए चालू हाय." ऑनलाइनचा पहिला तास एकमेकांची ओळख करून घ्यायचा होता. हाच कोर्स का निवडला, ते प्रत्येकानं सांगायचं होतं. बँकेतला एकजण म्हणाला, प्रमोशनसाठी. एकीला स्वतःचा ब्रँड काढायचा होता. सुकन्याचं नाव पुकारलं तेव्हा आतून सासूबाई चहा मागत होत्या.

"घरात सगळ्यांना सोयीचं पडलं," ती म्हणाली.

"व्हेरी गुड, मॅडम. फ्लेक्झिबिलिटी!" सर खूश झाले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.