थोरल्याला येऊ द्या

"थोरल्याला येऊ द्या," असं आक्का म्हणायच्या आणि कोरडेच असलेले हात पुन्हा एकदा पदराला पुसायच्या. हात पुसले की समजायचं, विषय संपला.

वडूजला कचेरीबाहेर दस्त लिहायचं माझं टेबल होतं, आणि आक्कांचं घर माझ्या घरासमोर. नवऱ्यानं टाकल्यावर त्या माहेरी आल्या त्या कायमच्या. घरात त्या, आई आणि पलटणीतून निवृत्त झालेले वडील, तात्या. धाकटा भाऊ कुपवाडला कारखान्यात, थोरला लष्करात. थोरला म्हणजे मुलग्यांतला थोरला. तसा तो आक्कांपेक्षा लहान. त्याला कडेवर घेऊन यांनीच गाव हिंडवलेलं. पण घरातलं ठरवायचं ते त्यानं.

एकदा गाय अडली. आक्कांनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला आणि वासरू ओढून काढलं. गावातली चार बाप्या माणसं नुसती बघत उभी होती. तेच वासरू कुणी विकत मागितलं, तर "थोरल्याला येऊ द्या." पत्रा गळायचा, पातेली लावून पावसाळा काढायच्या. मांजरीनं माळ्यावर पिलं घातली तेव्हा मी विचारलं, "ही थोरल्याला विचारून घातली का?" आक्का पोट धरून हसल्या. पिलं मात्र थोरला रजेवर येईपर्यंत माळ्यावरच वाढली.

तुमच्याही आळीत असं एखादं घर असेल, जिथं राबते एक बाई आणि ठरवतो परमुलखात असलेला कुणीतरी. आपण थट्टा करतो आणि सोडून देतो. मीही तेच करत होतो.

तात्यांना साखरेचा आजार होता. चपलेचा खिळा अंगठ्याला लागला, आक्कांनी हळद-चुना भरला, पण जखम भरेना. अंगठा काळा पडला, मग बोटं. मी म्हटलं, आता साताऱ्याला नेऊ. एस.टी.त पुढच्या बाकावर तात्या पाय लांब करून बसले आणि वाटेतल्या प्रत्येक गावचा माणूस आपल्या पलटणीत कोण होता ते सांगत राहिले. पायाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "पाय घोट्याच्या वर कापावा लागेल, तोही आजच. उशीर केला तर विष वर चढेल. सही आजोबांनी करावी, नाहीतर मुलीनं करावी. कुणाचीही चालेल."

तात्यांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "थोरल्याला येऊ द्या."

आवाज म्हाताऱ्याचा, पण चाल तीच. हे वाक्य घरात आणलं कुणी, ते मला तिथं कळलं. आक्कांनी हात पदराला पुसले. डॉक्टरनं पुन्हा समजावलं, मीही समजावलं. शेवटी मी जाऊन तार केली. थोरल्याची पलटण लांब, डोंगरात. 'निघालो' एवढं उत्तर आलं. मला काम होतं, मी वडूजला परतलो. आक्का एकट्याच खाटेपाशी राहिल्या.

थोरला पोचला तेव्हा काळेपणा गुडघ्याच्या वर गेला होता आणि तात्या कुणाला ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी ते गेले. मी तेव्हा तिथं होतो. दवाखान्याच्या आवारात थोरला आपल्या ट्रंकेवर बसून रडत होता. रडतारडताच बहिणीला म्हणाला, "आगं, कापायचा हुता की पाय. मला कशाला थांबलीस? मी काय डाक्टर हाय व्हय?"

 त्यानंतर 'थोरल्याला येऊ द्या' हे आक्कांच्या तोंडून मी आळीत कधी ऐकलं नाही.

पुढं वारसनोंद आली. बहिणीनं हक्क सोडून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. दोघे भाऊ माझ्या टेबलाशी आले, मागून आक्का. आईला धाकट्यानं कुपवाडला न्यायचं असं भावांनी परस्पर ठरवलं होतं. मी लिहायला लागलो तशा आक्का मला म्हणाल्या, "भाऊ, थांबा. जमीन दोघांची, घरबी दोघांचं. आई माजी. तिच्या दुखण्याखुपण्याचं मी ठरवणार. तेवढं लिवा."

विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या मी लिहिल्या होत्या, आंब्याच्या झाडांचे हिस्से लिहिले होते. आई कधी लिहिली नव्हती. असलं कलम कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. थोरल्यानं खाली मान घालून सही केली. आई वडूजला आक्कांपाशीच राहिली.

वर्ष झालं असेल-नसेल, आईच्या पोटात गाठ निघाली. धाकट्यानं सांगलीला दाखवलं. मीही भेटायला गेलो होतो. ऑपरेशन केलं तर वाचतील, टेबलावर जातीलही, असं डॉक्टर म्हणाले. धाकटा म्हणाला, "करून टाकू." आक्का आईच्या खाटेवर टेकल्या. "आई, तुला काय पायजे? तू सांग."

आज भाजी कुठली करू, हेसुद्धा त्या माउलीला कुणी कधी विचारलं नसेल. ती लाजली. "मी काय सांगू बाई?" आक्कांनी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी म्हातारी म्हणाली, "घरला न्हे मला."

आक्कांनी नेलं. मरण सोपं नव्हतं. उन्हाळाभर कण्हणं माझ्या ओट्यापर्यंत यायचं. तेराव्याला थोरला पाव्हण्यांसमोर ओरडला, "आमाला का न्हाई इचारलंस?"

"आईला इचारलं," आक्का म्हणाल्या.

आळीनं ठरवून टाकलं की हिनंच आईला मारलं. ऑपरेशन केलं असतं तर काय झालं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. भावांनी घराला कुलूप लावलं. आक्का मावसबहिणीकडे खंडाळ्याला निघाल्या. त्यांचं गाठोडं घेऊन मी स्टँडवर गेलो. राग मलाही होता. गाडीची वाट बघताना मी बोलून गेलो, "आक्का, निदान भावांना एकदा कळवायचं होतं."

त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं घेऊन मांडीवर ठेवलं.

"भाऊ, साताऱ्यासनं तुमी गेल्यावर दुसऱ्या दिशी तात्यांनी माजा हात धरला," त्या म्हणाल्या. "मला म्हणलं, बाई, लय दुकतंय गं. कापा म्हणावं डाक्टरास्नी. आन् मी म्हणलं, थोरल्याला येऊ द्या."