आठवडाभराच्या उन्हाचा चहा

अख्ख्या भिलाईत सूर्याकडून रोजच्या कामाचा जाब मागणारी बाई एकच, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. शाळेत विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली, पण सूर्याला तिने अजून कामावरून मोकळं केलेलं नाही. रिसालीतल्या तिच्या गच्चीवर लोखंडी स्टँडवर एक सौर पॅनल आहे, शेजारी पाण्याचा टब आणि त्यात पालथा घातलेला प्लास्टिकचा ड्रम. पॅनलच्या विजेने पाणी फुटतं, हायड्रोजन ड्रममध्ये साठतो आणि ड्रम हळूहळू वर उचलला जातो. शेजारणी एकमेकींना भाजी विचारतात, आत्या जिन्यावरूनच ओरडते, "आज दोन बोटं वर आला वो!" पाहुण्याला ती आधी गच्ची दाखवते, मग पाणी विचारते. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात भटजी अंतरपाट धरून ताटकळले, कारण मुलाच्या मामाला ती पटवून देत होती की हा वायू जळला की धूर होत नाही, पाणी होतं.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. उभं आयुष्य त्यांनी पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर काढलं. आगीचा रंग बघून भट्टीची तब्येत सांगणारा माणूस. ते आत्याला चिडवायचे, "ताई, एका चहाले तुले आठवडाभराचं ऊन लागते. तेवढ्यात आमचा कारखाना रूळ लाटून मोकळा होते!"

"महाग आहे, मले मालूम आहे," आत्या म्हणायची. "पण पाहजो, एक दिवस याच्यावरच लोखंड बनन. कोळशाबिना."

"मंग आमी इतके वर्स काय झक मारली?"

हे ते हसत विचारायचे, पण ते हसू खोटं होतं. कोळशाने आमचं घर उभं केलं आणि बाबांची छाती पोखरली. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एका दमात म्हणायची हिंमत मी फक्त आत्यात पाहिली.

गेल्या विश्वकर्मा पूजेला गावातल्या साऱ्या मशिनी, स्कूटरी हार घालून बसल्या होत्या. आत्याने ड्रमला हार घातला. बाबा कारखान्यातून बुंदीचा प्रसाद घेऊन आले. आठवडाभर ढग होते. वायू जेमतेम अर्ध्या कपापुरता. त्या दिवशी मात्र लख्ख ऊन. आत्याने गच्चीवर बर्नर पेटवून वर पातेलं ठेवलं.

बाबा वाकले. "पेटलाच नाही हा."

"पेटला आहे."

"आग तू मले शिकवते? रंग कुठी आहे?"

त्यांनी प्रसादाचा कागद पुढे केला. तो भक्कन पेटला. बाबांनी हात मागे घेतला, चष्मा काढून पुसला, परत पाहिलं. काहीच दिसत नव्हतं, आणि पातेल्यातलं पाणी गुणगुणायला लागलं होतं. आत्याने पातेलं उचलून ज्योतीवर क्षणभर थंड ताटली धरली. तिच्यावर दव जमलं. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ त्या ओल्या बोटाकडे बघत राहिले.

"म्हणजे आमची आग चुकीची होती का, ताई?"

"चुकीची कावून? हे पॅनल तुयाच लोखंडावर उभं आहे न. पण तुयी आग सस्ती नव्हती, बाबू. तिची किंमत तू अजून खोकून राहिला."

चहा आला, तेव्हा त्यातला निम्मा बाबांनी बशीत ओतून तिच्यापुढे सरकवला. "साखर कमी आहे," म्हणाले.

उद्या जगातली मोठमोठी माणसं स्वच्छ पोलादाची भाषणं ठोकतील. ठोकू देत. त्याची पहिली आग आमच्या रिसालीच्या गच्चीवर, सूर्याला वेठीला धरून माझ्या आत्याने पेटवली होती, हे मी चारचौघांत छाती काढून सांगणार.

आता तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत. पॅनलवर कारखान्याची धूळ बसते. बाबा रोज सकाळी येतात, "कुठचं खूळ लावलं या बाईनं" म्हणत वर जातात आणि ड्युटीवरच्या जुन्या रुमालाने काच लख्ख पुसतात. खालून आत्या ओरडते, "किती वर आला रे?"

बाबा ड्रमला बोटं लावून मोजतात, आणि खाली सांगताना एक बोट वाढवून सांगतात.