आवाज न करणारा खिसा

नोएलीनचा दिवस पावणेपाचला सुरू झाला. गजर नव्हता, कामावर जायचंही नव्हतं. बर्नी शहराच्या बंदराजवळ ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात एकतीस वर्षं घालवून ती कालच निवृत्त झाली होती. पण अंगाला शनिवार कळत नाही. तिनं चहा टाकला आणि घरच्या शिलाई मशीनवरचं फडकं काढलं.

नातीचा, टॅम्सिनचा, दुसरा दात आज-उद्या पडणार होता. पडलेला दात उशीखाली ठेवला की परी येऊन तो नेते आणि नाणं ठेवते. पहिल्या वेळी पोरीच्या बापानं, क्रेगनं, उशीखाली चाचपडून तिलाच जागं केलं. "परीनंच मला पाठवलं," अशी सारवासारव केली. टॅम्सिननं नाणं हुंगलं. "मग ह्याला डिझेलचा वास का?"

आता तिनं आजीला बजावून ठेवलं होतं, "नॅन, या वेळी कुणाचा हात लागला ना, तर परी-बिरी सगळं खोटं."

म्हणून नोएलीन दातासाठी वेगळी, तळहाताएवढी उशी शिवायला बसली. उरलेली ताडपत्री, दुहेरी शिवण, खिशाला वेल्क्रो. आठपर्यंत उशी तयार झाली. वरून ट्रक गेला असता तरी उसवली नसती.

नाश्ता करून नवरा, मर्व, खुर्चीत घोरत होता. तिनं उशी त्याच्या कानाशी धरली आणि खिसा उघडला. फर्र! मर्व ताडकन उठला.

"कोण आहे?"

"दातांची परी."

"माझे तिकडे पेल्यात आहेत. ने सगळे, घाऊक भावात!"

चुकलेली शिवण झाकायची तिला सवय नव्हती. तिनं उशी कचऱ्यात टाकली आणि आपला फ्लॅनेलचा कामाचा जुना सदरा कापला. धुऊन धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. मशीनची जाड सुई त्याला भोकं पाडत होती, म्हणून हातानं शिवलं, इंचाला बारा टाके. चौदाव्या इंचाला दोन टाके वाकडे आले, तेवढे उसवून पुन्हा घातले. आत मेंढीची लोकर भरली. खिशाला बटण नाही, वेल्क्रो नाही, नुसती वरून घडी. तोंड क्रेगची दोन बोटं जातील एवढं. वर अडकवायला बंद.

दुपारी मर्व पुन्हा झोपला. तिनं दाताऐवजी एक सुटं बटण खिशात घालून उशी त्याच्या कानाशी ठेवली, मग बटण काढलं, नाणं सरकवलं. घोरण्याची लय मोडली नाही.

चारला मर्वला नाणं सापडलं. "एका डुलकीचे दोन डॉलर? ही नोकरी मला आधी का नाही सांगितलीस?" मग उशी उलटीपालटी करून म्हणाला, "झालीय झकास. पण अडकवणार कुठे?"

नोएलीन थबकली. क्रेग आणि टॅम्सिन ईस्टरला 'दोन आठवड्यांसाठी' राहायला आले, तेव्हापासून पोर जमिनीवरच्या गादीवर झोपत होती आणि झोपेत खोलीभर लोळत होती. उशी बाजूला ठेवली तर तासाभरात तिच्या अंगाखाली जाणार, आणि पुन्हा चाचपडणं आलंच. नोएलीननं बूट चढवले.

"शेवटच्या पगाराची आरामखुर्ची घेणार होतीस ना? पाठीचं काय?"

"पाठ एकतीस वर्षं थांबली. दात थांबायचा नाही."

"नाल सापडली म्हणून घोडा घेणारी बाई आजच पाहिली!" म्हणत तोही गाडीच्या किल्ल्या शोधू लागला.

दात संध्याकाळी टोस्टमध्ये निघाला.

रविवारी सकाळी टॅम्सिन नाणं घेऊन स्वयंपाकघरात आली. क्रेग चहाच्या कपात तोंड घालून बसला होता. तिनं नाणं हुंगलं, दोनदा.

"डिझेल नाही," तिनं निकाल दिला. "आणि हातही नाही लागला कुणाचा. खरीच आली होती, नॅन!"

"येणारच. जरा सरक, मला बसू दे," म्हणत नोएलीन कडक लाकडी खुर्चीत टेकली.

आतल्या खोलीत पलंगाच्या उशाकडच्या खांबाला उशी लटकत होती. पलंग टास्मानियन ओकचा, चार खांबांचा. दुकानात तिनं चारही खांब हलवून पाहिले होते. एकही सांधा हलला नाही, तेव्हाच तिनं पगार मोजला.