दादाचा पक्ष

कॅनडात दादाला निरोप दिला गेला तेव्हा मी इकडे आखातात, वादी अदाईतल्या घरात व्हिसाची वाट पाहत बसलो होतो. व्हिसा आला, पण सगळं उरकल्यावर. मग ठरवलं, निदान इथे घरी त्याची शोकसभा नीट करायची. त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे आणि ते आपल्या लोकांना पटले पाहिजेत.

पटणं अवघड होतं. दादा मराठवाड्यातल्या खेड्यातला, आमच्या बौद्धवस्तीत वाढलेला. आधी इकडेच, इब्रीत पंपांच्या दुकानात काम करून पुढे कॅनडात गेला आणि तिथल्या गव्हाच्या मुलखात ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला. आधी गावच्या कौन्सिलवर, मग प्रांताच्या विधानसभेला उभा. एकदा हरला, एकदा जिंकला, पुन्हा हरला. इथवर सगळ्यांना अभिमान. पण तो निवडून आला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून. दार्सैतचे काका, आमच्या मंडळींतले सगळ्यांत वडीलधारे, तेव्हाच मला म्हणाले होते, "तुझा दादा सनातन्यांत गेला म्हणे. जानवं तिकडे मिळतं, की इथून पाठवू?"

दादाला हे फोनवर सांगितलं तर तो हसला. "मास्तर, इथले सगळे शेतकरी त्याच पक्षाचे. त्यांच्या ट्रॅक्टरखाली मी दिवसभर उताणा पडलेला असतो. तिथून दुसऱ्या पक्षाचं भाषण कुणाला करू?"

मी मास्तर नाही. एका कंपनीत निविदांचे मसुदे तपासतो. पण दादाचं बोलणं सुधारायची खोड मला लहानपणापासूनची.

भाषण लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडलो. कॉन्झर्व्हेटिव्हला मराठीत काय म्हणायचं? 'पुराणमतवादी' म्हटलं तर काका उठून जातील. 'परंपरावादी' म्हटलं तर कुणाची परंपरा, असं आमच्यात लगेच विचारतात. 'स्थितिशील' लिहून पाहिलं, ते डबक्याचं वर्णन वाटलं. शेवटी जुन्या वर्तमानपत्रांतला शब्द आठवला : हुजूर पक्ष. विलायतेतल्या मजूर पक्षाच्या विरोधातला. मला इतका आनंद झाला, की आपण शोकात आहोत हे क्षणभर विसरलो. बायकोला वाचून दाखवलं.

"तुमच्या आजोबांनी जन्मभर ज्यांना हुजूर म्हटलं, त्यांचा पक्ष?" ती म्हणाली.

"ऐतिहासिक संज्ञा आहे."

"असू दे. चहाला माणसं किती, तेवढं सांगा."

शुक्रवारी मंडळी जमली. त्रिशरण-पंचशील झालं, दादाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. मी कागद घेऊन उभा राहिलो. फोटोकडे बघायला नको होतं. बघितलं आणि डोळे भरून आले, अक्षरं पसरली. ज्या शब्दासाठी एवढं रक्त आटवलं, नेमका तोच घसरला. "दादा," मी वाचलं, "हजर पक्षाचा होता."

चूक लगेच कळली. दुसऱ्यांचा स्वल्पविरामही न सोडणारा माणूस मी. दुरुस्तीसाठी तोंड उघडलं. पण काका मान डोलावत होते.

"हजर पक्ष. हे बरोबर बोललास," ते म्हणाले. "माझी बायको इथे वारली तेव्हा हा इब्रीत होता. दुकानाच्या मालकाला, त्या अर्बाबला न विचारता त्याची पिकअप घेऊन आला. तिची पेटी विमानात चढेपर्यंत माझ्या शेजारून हलला नाही. नोकरी खलास झाली असती त्याची."

"तिकडेही म्हणे कुणाची गाय व्याली तरी जायचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"मतांसाठी!" दुसरा एक जण म्हणाला.

"असेना. जायचा ना?" काकांनी त्याला गप्प केलं.

उरलेल्या कागदांची मी घडी घातली. पुढचं वाच, असं कुणीही म्हणालं नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, पक्षावरून वाद नाही ना झाला?"

"नाही. मी म्हटलं, दादा हजर पक्षाचा होता."

मग ती म्हणाली, "आणि तुम्ही?"

अगदी नेमका शब्द जिभेवर आला होता. तो मी गिळला. म्हटलं, "व्हिसा अजून चालतो. येऊ का?"

"या. पण कोट घेऊन या, थंडी आहे. ह्यांचा तुम्हाला फार मोठा होईल."